सासूबाईंच्या अंगठ्यासाठी मांजर

भांडुप, सोमवार, १ नोव्हेंबर १९५४

शी. सकाळी सा.बां.चे पाय धुवायला बसले. फडकं सोडलं तर उजव्या अंगठ्याचं टोक खाल्लेलं. खाल्लेलंच, दुसरा शब्द नाही. बारीक दातांच्या खुणा, कडेला रक्त सुकून काळं, चादरीवर दोन लेंड्या. आणि मी शहाणी चार दिवस त्यावर हळद लावतेय, म्हटलं पाटाची धार लागली असेल.

सा.बा. म्हणतात, "मला काही कळलं नाही गं." मधुमेहाने दोन्ही पाय बधिर, कळणार कसं? उंदीर म्हणे फुंकर घालून चावतो. यांच्या बाबतीत त्याला तेवढीही तसदी नको.

मोरीत जाऊन ओकले. मग चहा टाकला.

मंगळ. २

डॉक्टर आले. सबंध वेळ नाकाला रुमाल. मला राग आला, पण वास येतोय हे खरं. कंपाउंडर एक दिवसाआड पट्टी बदलेल. डॉक्टर स्वतः दोन आठवड्यांनी मंगळवारी येणार. काळं वर चढलं तर अंगठा काढायचा, "कदाचित पाऊलही." बाहेर ओटीवर हळू सांगितलं, पण सा.बां.चे पाय गेलेत, कान नाहीत.

उंदरांचं औषध नको. गेल्या साली एक माळ्यावर मेला, आठ दिवस घरात जेवण जाईना. सापळ्यात एक सापडला, बाकीचे हुशार झाले. मच्छरदाणीला भगदाड. राहिलं मांजर.

मला मांजर म्हटलं की अंगावर काटा येतो. उकिरड्यावर जीभ घालायची आणि तीच जीभ अंगावरून फिरवायची. वर म्हणे स्वच्छ प्राणी.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून म्हणाले, "आण की एखादं." कोथिंबिरीची जुडी जशी.

गुरु. ४

मांजरं बघितली. मुलगी बघायला जातात तशी.

समोरच्या कमलचा मन्या. लोण्याचा गोळा. "अगं घेऊन जा ना, गरीब आहे फार," कमल म्हणाली. गरीब काय करायचाय? त्याच्यादेखत तिच्या ओट्यावरून झुरळ गेलं, ह्याने डोळा उघडून बघितलं आणि मिटला. वाण्याकडची मांजरी: एका डोळ्यातून पू, गुळाच्या भेलीवर बसलेली. गूळ आजपासून दुसरीकडून.

कमल म्हणते, उंदीर मारणारी हवी तर हिराबाईची. हिराबाई म्हणजे खाडीकडच्या कोळीवाड्यातून आमच्या आळीत मासळी आणते ती. अकरा वर्षं तिच्या पाटीवरून जाताना मी नाकाला पदर लावतेय. तिच्याकडे मागायचं?

शनि. ६

मागितलं. अडला हरी. फाटकापाशी थांबवलं तर हिराबाई आधी मागे वळून बघायला लागली, दुसऱ्याच कोणाला हाक मारली असं वाटलं तिला. आहे म्हणाली एक, राणी नावाची, तीन वर्षांची. "उंदीर नाय, घूस पन सोडत नाय." आजच आणून देते म्हणाली. सा.बा. आतून: "आज एकादशी आहे." म्हणजे उंदरांनी एकादशीला फराळ करायचा आणि आपण द्वादशीची वाट बघायची.

तरी तयारी केली. खोक्यात जुन्या गोधडीचा तुकडा, घमेल्यात चुलीची राख, कल्हई उडालेली वाटी. स्वतःच्या हाताने एका जनावराचा संडास मांडला. माझी आई बघायला हवी होती.

रवि. ७

आली. मासळीच्या पाटीतून, वर टोपली झाकून. भुरी, एक कान फाटका, अंगाला तो वास. सा.बां.नी पलंगावरून फर्मान काढलं: "कोळणीच्या घरचं जनावर. आधी न्हाऊ घाल, गोमूत्र शिंपड, मग उंबरा ओलांडू दे."

सगळा दोष त्यांच्यावर ढकलणार नाही. मलाही तेच हवं होतं. मी तर शिकेकाई घेतली.

दोन तांबे झाले नाहीत तोच दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाले. कुंपणावरून गेली ती गेलीच. मोरीभर केस आणि रक्त. केस बोटांनी उचलावे लागले.

सोम. ८

दुसरं बोट. रात्री मी आणि हे आळीपाळीने बसतो, पहाटे दोघांचाही डोळा लागला. पट्टी कुरतडून आत शिरला. सा.बा. मला म्हणाल्या, "तू बघू नकोस गं, कंपाउंडर येईल तो बघेल." ह्यावर मला जास्त रडू आलं.

दुपारी कोळीवाड्यात गेले. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, दोन्ही बाजूंनी, मधून वाट. श्वास तोंडाने घेतला तर चव येते. राणी हिराबाईच्या दारात बसून अंग चाटत होती, शिकेकाई निघेपर्यंत.

हिराबाई हसून हसून खाली बसली. "काय गो बाय, मांजरीची मुंज लावली व्हती काय?" मग म्हणाली, जो खायला घालील त्याच्या मागे जाईल ती. तीन दिवस ये, तुझ्या हाताने सुकट घाल. हाताने, चमच्याने नाही.

सुकट म्हणजे वाळलेले बारके जवळे. डोळ्यांसकट.

गुरु. ११

तीन दिवस झाले. डाव्या हाताने घातलं, उजव्याने स्वयंपाक करायचा असतो. पहिल्या दिवशी ती मागे सरली, मीही. दुसऱ्या दिवशी बोटं चाटली. खरखरीत जीभ. मुठीत पदर आवळून बसले. आज मांडीत आली.

गोणपाटात घालून घरी आणली. अंघोळ नाही, गोमूत्र नाही, सरळ मागच्या दाराने आत. सुकटीचा डबा परसात लाकडांच्या ढिगात लपवलाय. ह्यांनाही माहीत नाही. ब्राह्मणाच्या घरात सुकट. बापट घराण्याची वाट लावली मी.

शनि. १३

राखेने हात घासते, लिंबू चोळते, वास जात नाही. सा.बां.ना भात भरवताना त्यांनी मान वळवली. "तुझ्या हाताला कसला वास येतो?" म्हटलं, पट्टीच्या औषधाचा. बघत राहिल्या. मग घास घेतला.

रवि. १४

पहाटे पलंगाच्या पायाशी डोकं आणि शेपूट. मधलं नाही. केरसुणीवर उचललं, केरसुणीच टाकून दिली.

सा.बां.नी आधीच बघितलं होतं. म्हणाल्या, "मेला एकदाचा." मी दार लावून घेत होते तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, "तिला काय घालतेस ते मला सांगू नकोस. पण घाल."

सोम. १५

दोन रात्री पट्टी शाबूत. कंपाउंडर म्हणतो, काळं तिथेच आहे बहुतेक. "बहुतेक" म्हणजे काय ते विचारलं तर बाटल्या आवरायला लागला. डॉक्टर उद्या.

दुपारी वाती वळत बसले होते. बघते तर राणी सा.बां.च्या दोन्ही पायांवर पसरून झोपलेली. ते फाटक्या कानाचं, काल उंदीर खाल्लेलं तोंड बरोब्बर पट्टीला लावून.

म्हटलं, "आई, ती पायावर बसलीय तुमच्या. उठवू?"

"कुठे?" म्हणाल्या. मान उचलून बघितलं. बघेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता.

"जड आहे का गं?"

मी उठले, तिच्या पोटाखाली हात घातला, जरा उचलून बघितलं.

"आहे बऱ्यापैकी," म्हटलं.

"असू दे मग," म्हणाल्या.

परत ठेवली. हात धुवायचे राहिलेत.