हौसाचा व्हिडिओ गेम आणि टीव्हीवरची चादर

मी, तुळशीराम पदू भोईर, वय ७१, राहणार शेलार, तालुका भिवंडी, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बायको वज्रेश्वरीला गेली आहे, त्यामुळे दबावही नाही.

राहते घर व बँकेतली ठेव पत्नी हौसा हिची, तिच्यामागे मुलगा मनोज याची. यंत्रमागाचे, म्हणजे लूमचे, लोखंडी पाने मनोजला. गंजू देऊ नयेत. धाकटा भाऊ विठू याला काही नाही. "म्हातारपणी पोरखेळ" म्हणून तो मला हसला आणि दिवाळीत तीन तास गेमसमोरून उठला नाही.

आता मुख्य मिळकत. शेवटचा लूम भंगारात गेला त्याच महिन्यात, २००४ साली, मी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला. सोबत दोन रिमोट आणि मोटारशर्यतीची सीडी. हे सर्व हौसाचे. शेजारच्या कारखान्यातून रुई उडते, म्हणून खेळ संपला की मशीन गार होऊ द्यावे, मग मांजरपाटाच्या पिशवीत घालावे. वायरी पिळू नयेत. पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवावे, मात्र सीडीला एरंडेल लावू नये. पहिल्या वर्षी तांदळाला तेल चोळता चोळता हौसाने सीडीलाही चोळले. मी ओरडलो तर म्हणाली, "तांदलाला लावला का कीड लागत न्हाय, मंग हिला कशी लागल?" नवी सीडी आणावी लागली. आठवडाभर आम्ही दोघे हसत होतो. इतके सुख मला लूमने तीस वर्षांत दिले नाही.

भीती एकच आहे. आमच्याकडे माणूस गेले की टीव्हीवर चादर टाकतात. थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनी गुणाबाई हिच्या घरची चादर वर्षभर निघाली नाही, तोवर बाईचे हसणेच गेले. हौसाचे तसे होता कामा नये. माझ्या बाराव्याला जेवणे उरकली की मनोजने स्वतः चादर काढावी, एक रिमोट आईला द्यावा, दुसरा आपण घ्यावा. लोक बोलतील. त्यांना हा कागद दाखवावा.

हौसा म्हणेल, "ते मुद्दाम हरायचं, मनून मी खेलायची. आता कोन हाय?" तेव्हा तिला पुढचे मोठ्याने वाचून दाखवावे. मुद्दाम हरतो, असे मी सगळ्यांना सांगत आलो, ते साफ खोटे आहे. मी रोज जीव तोडून खेळलो आणि तिला एकदाही हरवू शकलो नाही.

दोनदा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

तुळशीराम पदू भोईर

साक्षीदार:
१. हरी गोविंद प्रधान, निवृत्त शिक्षक
२. चंद्रा बाळाराम म्हात्रे, शेजारी

शेलार, ता. भिवंडी, जि. ठाणे
१४ डिसेंबर २००६