केसपेपरावरचं ‘जन्मापासून’

शिरोली, ता. ८ फेब्रुवारी १९८८

ती. अक्कास,
कृष्णातचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या गल्लीतल्या बयाबाईंचा आकाराम इथल्या फाउंड्रीत कामाला आहे. साचे उचलताना त्याचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकला, मी त्याच दुपारी माझ्या दवाखान्यात ऑपरेशन केलं. वाचला. दुसऱ्या बाजूचंही करायला हवं, पण विमा कंपनीने क्लेमच नाकारलाय. म्हणे आजार जन्मापासूनचा, पॉलिसीत बसत नाही. हे त्यांना सांगितलं कुणी? मीच. बयाबाई म्हणाल्या होत्या की पोराच्या जन्माला नृसिंहवाडीचा नवस बोललेला, तो फेडायचा राहिला, तवापासनं हे दुखणं पाठीशी हाय. मी घाईत केसपेपरावर ‘जन्मापासून, आईच्या सांगण्यावरून’ एवढंच लिहिलं.

आईच्या मनाला लागलेली टोचणी हा रोगाचा पुरावा कसा होतो? सही ठोकणाऱ्या साहेबाने आकारामचं पोट पाहिलेलंही नाही. मी सात पानी अपील धाडलं, तर उत्तर आलं की कागदोपत्री पुरावा द्या. इकडे आकाराम पुढच्या महिन्यात कामावर जातो म्हणतो, न्हाय गेलं तर चूल कशी पेटायची. साचा उचलला आणि दुसरी बाजू अडकली, तर दर वेळी तो माझ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

लोभ आहेच, तो माझ्या रागासकट असू दे.
तुझा कृष्णात

जयसिंगपूर, ता. १५ फेब्रुवारी १९८८

चि. कृष्णात यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

कंपनीचा राग आला, तुझा त्याहून जास्त. शाळेत गुरुजी खोकले तरी वहीत उतरवून घेणारा तू, डॉक्टर झालास तरी सवय गेली नाही.

बयाबाईंकडे जाऊन आले. आपल्याच जिभेनं पोराचं वाटोळं केलं म्हणून रडत होत्या. आकारामला याआधी कुणी डॉक्टरने तपासलं होतं का, असं विचारलं, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातून एक कागद काढला. तीन वर्षांमागं तो सैन्यभरतीला गेलता, छाती कमी भरली म्हणून परत पाठवला. बाकी शरीर निर्दोष, अंतर्गळ नाही, असं लष्करी डॉक्टरच्या सहीनिशी लिहिलंय. सरकारी शिक्का आहे म्हणून बयाबाई दर दसऱ्याला त्या कागदाची पूजा करतात. सोबत पाठवते आहे. कुंकवाचे डाग पुसायला जाऊ नकोस, शाई फिसकटेल.

जेवण वेळेवर घे, अक्काचा जीव तुझ्यापाशीच असतो.
अक्का

शिरोली, ता. २१ मार्च १९८८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अपील मंजूर झालं. दिलगिरीचा एक शब्द नाही. उलट साहेबाने फोन करून कागदावर कुंकू कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं की तुमच्या पॉलिसीची अशी पूजा कुणी करणार नाही. आकारामचं ऑपरेशन गुरुवारी. वार बयाबाईंनीच ठरवलाय, पोरगं हिंडूफिरू लागलं की वाडीला जाऊन नवस फेडणार आहेत.

पण एक सांगायचं राहिलं. परवा एक म्हातारी खोकल्यासाठी आली. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, मालक गेल्यापासनं. मी पेन उचललं आणि कुठल्याही कंपनीला बोट ठेवता येऊ नये म्हणून ‘तीन आठवडे’ लिहून मोकळा झालो. मालक कधी गेले, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. अक्का, पैसे विमा कंपनीने दिले, पण मला असा डॉक्टर करून ठेवलं, याचा राग काही केल्या उतरत नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा कृष्णात