गार्मच्या दारावरची नावं

सोमवार, ३ फेब्रुवारी
नागापूर एमआयडीसीत व्हिडिओ गेम बनतात हे आईला अजून पटत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये खाली लेथ मशीन, वर आमचं ऑफिस! माझं काम म्हणजे दिवसभर खेळायचं आणि चुका शोधायच्या. याचा पगार मिळतो म्हणून घरात दोन दिवस माझी थट्टा चाललीय. गेम उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या जुन्या देवकथांवरचा. मेलेल्यांच्या गुहेच्या दारात गार्म नावाचा कुत्रा साखळदंडाने बांधलेला, बैलाएवढा, छातीवर वाळलेलं रक्त. त्याला मारलं की दार उघडतं आणि एक आत्मा आत जातो. मालक स्टीफनसरांना या आत्म्यांसाठी संध्याकाळपर्यंत नावं हवी होती. पर्समध्ये चर्चमधली आजाऱ्यांची यादी होती, कालच्या प्रार्थनेत वाचलेली. तीच उतरवून दिली. शेवटचं नाव आईचं, तिच्या हृदयाच्या ऑपरेशनमुळे. म्हटलं, तिलाही गंमत वाटेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सहाव्या प्रयत्नात गार्म पडला. दारावर 'अब्राहाम साळवे' उजळलं आणि विझलं. एक चूक नोंदवली: मरताना कुत्रा खेळाडूकडे बघतच नाही, मान वळवून दाराकडे बघतो. प्रोग्रॅमर गोरक्ष म्हणाला, असं त्यानं कुठंच लिहिलेलं नाही. घरी गेले तर आई रडत होती. अब्राहामकाका दुपारी गेले होते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
काल नॅन्सीमावशीचं नाव उजळलं. आज तिची माती झाली. योगायोग असेल, पण मला भीती वाटतेय. गोरक्षला यादी पुसायला लावली. त्यानं पुसली, तरी दारावर नावं तशीच. तो म्हणाला, "खेळच हाय ना आराधना. येवढं काय मनावर घेती?" पण त्यानं स्वतः पुन्हा दाराकडे बघितलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सरांनी गेम बाहेरच्या वीस जणांना खेळायला दिला. सगळ्यांना दार एकच, कुत्रा एकच. मी हात जोडले, थांबवा म्हटलं. सरांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. दुपारपर्यंत तीन नावं विझली. तिघंही गेल्याचं चर्चच्या ग्रुपवर आलं. आता उरली फक्त आई –
आम्ही त्याला राक्षस समजून मारत होतो. तो तर आत्म्यांना आत जाण्यापासून अडवत होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी
ऑफिसातल्या आमच्या कॉम्प्युटरवरून गार्म स्वतः चालवता येतो. कालपासून मीच तो चालवतेय. येईल त्याला फाडते. मधे उसंत मिळाली की हे लिहिते. सर दोनदा येऊन ओरडून गेले. आईचे सारखे फोन येतात म्हणून माझा मोबाइल बंद करून ठेवलाय.

तिघं एकदम आले – परतवले. बोटं वळत नाहीत.

जिन्यात पावलं. आईच आहे – डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलंय – दम लागलाय तिला – मला हाक मारतेय – खाली बसली बहुतेक –

पाच खेळाडू आलेत. उठले तर दार उघडतं. नाही उठले तर ती तिथंच –

आई, हळूहळू श्वास घे, मी