मागून येऊन राह्यला

मस्कत, मे १९८६

सोमाजीभाऊ,

जयभीम वहिनीले. तुले नाई.

इथी कॅम्पातले लोक म्हणतेत, श्रीहरी, तुमच्या जंगलातलं काई सांग. मी आपली अस्वलाची गोष्ट सांगतो. आपण दोघं भाऊ मोहफुलं वेचाले गेलो आन् अस्वल आलं. तू टोपली टाकून पळाला, मी झाडावर चढलो. अस्वल पंगतीत बसल्यासारखं आपली वेचलेली फुलं दुपारपर्यंत खात राह्यलं. तिकडं मायनं विचारलं, "श्रीहरी कुठी हाय?" तू म्हणला, "मागून येऊन राह्यला," आन् जेवाले बसला. वरून प्रत्येक लग्नात सांगतो का अस्वल तूच काठीनं हाकललं! इथले लोक पोट धरून हसतेत. मीही हसतो.

काल तुझं पत्र भेटलं. माय जाऊन महिना झाला म्हणे. तार काऊन नाई केली, तर म्हणे तू कुठी पोचणार होता, उगीच जीवाले घोर. माय आठ दिवस खाटेवर होती, भाऊ. आठ दिवसात मी समुद्र पोहून आलो असतो.

हे पत्र मी टाकत नाई. टाकलं तर तू चौकात वाचून दाखवशीन आन् याच्यातही अस्वल तूच हाकलशीन.

खाटेवरून मायनं रोज विचारलं असन, श्रीहरी कुठी हाय. तू काय सांगलं असन, थे मले मालूम हाय.

तुझा मागून येणारा,
श्रीहरी