टोपीनं टिपलेलं ‘येतो’

प्रिय दादा,

आज केतकीचा फोन आला. तुझ्या डोक्यावरची ती तारांची टोपी आता पिंपरी पेंढारच्या एका बाईंकडे चालली आहे. आजार तुझाच, वाचाही तशीच गेलेली. “काका, घरच्यांना समजवायला याल?” म्हणाली. हो म्हणालो. पण तिथं शहाणपणा शिकवण्याआधी तुझ्यापाशी कबुली द्यायला हवी.

हात गेले, जीभ गेली, पापण्यांच्या खुणाही कळेनात, तेव्हापासून तुझा प्रवक्ता मीच. कुणी नेमलं होतं रे मला? “दादाला भजन आवडतंय.” “दादाला ऊन हवंय.” दीड वर्षात मी तुझ्या वतीनं इतकं बोललो, की तेवढं तू धडधाकट असतानाही कधी बोलला नव्हतास!

मग या टोपीवर संशोधन करणारी केतकी ती घेऊन पुण्याहून आली. पडद्यावर अक्षरं एकेक चमकायची. हवं ते चमकलं की तुझ्या मेंदूत उठणारी बारीक लहर टोपी टिपायची. टोपीसाठी डोक्याला जेल लावताना केस आड येईनात, म्हणून पोरगी खूश, “काका, तुमचं टक्कल एक नंबर आहे हो!” त्या टकलाचं आयुष्यातलं पहिलं कौतुक.

तुझं पहिलं वाक्य! मी रुमाल काढून ठेवला. अर्ध्या तासानं पडद्यावर आलं: “बेरिंग गेलं.”

वहिनीला वाटलं, डोकंही गेलं; तिनं हंबरडाच फोडला. तुझी नजर मात्र छताच्या पंख्यावर. तीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस दीड वर्ष त्या कुरकुरत्या पंख्याखाली पडून, आणि आम्ही भजनं लावतोय! मनातल्या मनात किती शिव्या घातल्यास, खरं सांग?

पुढं श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेऊन घशात नळी बसवता येईल, मग यंत्रावर राहायचं; नाहीतर घरीच, त्रास होऊ नये एवढं औषध. मी पुणं ठरवून मोकळा! वहिनी म्हणाली, “भावजी, आधी त्यान्ला इचारा की.”

विचारलं, “दादा, पुण्याला यायचं ना?”

“येतो.”

“बघा, येतो म्हणतोय!” मी गाडीवाल्याला फोन लावलासुद्धा. वहिनीनं तो हातातून काढून घेतला. “भावजी, दुकानाला निघताना ते रोज काय म्हनायचे?”

शब्दांवर पोट भरणारा मी, आणि हे तिनं सांगावं! उंबऱ्यावर आपल्याकडं कोण “जातो” म्हणतं? तू एकदा चुकून म्हणालास, तर आईनं परत बसवून पाणी प्यायला लावलं होतं.

केतकीनं पुन्हा अक्षरं सुरू केली. “जा” उमटलं. “जाऊ! पुण्याला जाऊ म्हणतोय!” मीच, दुसरं कोण?

“जातो. नळी न्हाई.”

यंत्र “नाही” सुचवत होतं, तू ते घेतलं नाहीस. “असं म्हनू नये वो,” एवढंच म्हणून वहिनी तुझा हात धरून बसली. गाडीवाल्याला मीच नको म्हणून कळवलं.

नंतरचे दोन महिने इथं घरी, वारूळवाडीतच, नव्या बेरिंगच्या पंख्याखाली. एकदा वीस मिनिटं घालवून लिहिलंस, “केतकीला मासवडी.” वहिनी हसायला लागली, “सोताला गिळवंना, अन् पावण्यांची काळजी!” माझं नावही एकदा आलं. मी गहिवरून वाकलो. “बाळू गप.” भावासाठी एवढेच दोन शब्द उरले होते का रे?

पण गेलास तो स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या शब्दावर. मला याचं समाधान आहे, दादा. तुझ्या वतीनं नाही, माझ्याच वतीनं सांगतोय.

उद्या जातोय पिंपरी पेंढारला. त्या बाईंच्याही घरात माझ्यासारखा एखादा बोलका असेलच. त्याला माझ्या शेजारी बसवीन. आणि वचन देतो, बाईंचा शब्द पुरता उमटेपर्यंत आम्ही दोघंही तोंड उघडणार नाही.

तुझा,
बाळू