बोलत्या पान्याचं कुत्रं

भाऊ, मायचा उजवा डोळा जवळजवळ गेलाय. मोतीबिंदू. डावाही त्याच वाटेवर आहे. गेल्या महिन्यात तिला इथे धुळ्यात डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, चांगलं दिसायला लागेल. ती घरी आली, खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मी नही करस." का म्हणून विचारलं, तर तुम्हाला मधे आणलं. "डाक्टरले काय समजस? तुना भाऊना डोया गयात, तवय डाक्टरनी काय सांगं? बठ्ठं बराबर शे. मंग?" डॉक्टर 'सगळं ठीक' म्हणाले तरी डोळे गेलेच, या तिच्या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर आहे, बारा वर्षांपासून आहे. ते तिला देता येत नाही म्हणून तुम्हाला, माझ्या बापाला, लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा हे सोपं काम आहे, हे मलाही कळतं.

तुमचे डोळे गेले नव्हते, भाऊ. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन. ती सवय आहे मला.

तो पाना आठवतोय? आठवणारच. लढाई संपल्यावर मिलिटरीचा माल लिलावात निघाला, त्यातली एक पेटी, तुम्ही फिटर होता त्या जळगावच्या कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरने घेतली होती. तीत हातभर लांब टॉर्क पाना निघाला. दांड्यावर आकडा लावायचा आणि नट आवळायचा. ठरलेला जोर झाला की पाना आतून टक करायचा, म्हणजे बस, आता हात थांबवा. तीस वर्षं तुम्ही दंडाच्या अंदाजाने नट आवळत आलेले, तुमचं कधी फार चुकलंही नव्हतं, पण हा पाना आल्यावर तुम्ही लहान पोरासारखे खूश. बोलता पाना म्हणायचात त्याला. इंग्रजी आकडे तुम्हाला वाचता यायचे, तरी मी अमळनेरहून सुट्टीला आलो की आकडा लावायला मलाच बोलवायचात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचात, "थांबा रे, कॉलेजवाला आकडा लावून राह्यला." इंजिनवरचा तेलवाला मागून म्हणायचा, "मंग नटबी कॉलेजवालाच आवळीन का?" तुम्ही हसायचात. मीही हसायचो, पण मला ते आवडायचं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा कविता-गोष्टींचं निराळंच चाललेलं असायचं, आणि तेलकट कापूस, पट्ट्यांचा खडखडाट, तुमचा निळा सदरा, हे सगळं मला लवकर मागे टाकायचं होतं.

त्या दिवाळीत पाना घसरायला लागला होता. त्याच्या डोक्यात दात्यांचं एक बारकं चाक होतं आणि त्या दात्यांत अडकणारी बोटाच्या पेराएवढी खिटी. चाकाला एका अंगाने फिरू द्यायचं, दुसऱ्या अंगाने अडवायचं, एवढंच खिटीचं काम. तुम्ही तिला कुत्रं म्हणायचात. कोणीतरी पान्याला पाइप घालून ओढलं होतं, त्याने कुत्र्याचं नाक घासून गोल झालेलं. नवीन कुठे मिळणार, तो माल विलायतेचा. सीझन तोंडावर, कापसाच्या गाड्या पंधरा दिवसांत सुरू होणार, आणि इंजिन खोलून पडलेलं. तुम्ही पान्याचे चार स्क्रू काढलेत, सगळं रॉकेलमध्ये धुतलंत, कुत्रं तळहातावर घेऊन मला दाखवलंत आणि म्हणालात, "दाते धड आहेत. याचेच दात पडेल आहेत. नवं करू."

जुन्या कानशीचा तुकडा भट्टीत मऊ करून तुम्ही दीड दिवस तो घासत होतात. जुन्या कुत्र्याशेजारी ठेवायचं, उजेडात धरायचं, परत घासायचं. मग पाणी दिलंत. तो भाग तुमचा. भट्टीत लाल होईपर्यंत धरून, त्या लालीचा नेमका क्षण ओळखून, तुम्ही ते पाण्यात बुडवलंत. तुमच्या त्या नजरेसाठी दुसऱ्या जिनिंगमधून माणसं यायची, छिन्न्या आणि पटाश्या घेऊन. पाणी दिलेलं लोखंड काचेसारखं होतं, आपटलं तर तुटतं, म्हणून ते घासून उजळ करून तापल्या पत्र्यावर ठेवायचं असतं. तिथे त्याच्यावर रंग चढत जातात आणि बरोबर रंगाला ते उचलून परत पाण्यात टाकायचं. हे काम तुम्ही मला दिलंत. पहिल्यांदाच. तुमचं लहानपण रावेरकडच्या केळीच्या बागांत गेलेलं, त्यामुळे तुमचे सगळे रंग तिथलेच. "आधी सायीसारखं दिसीन. मंग पिकेल केळीसारखं पिवळं, तवाच उचलजो. केळफुलासारखं जांभळं झालं का गेलं समज, मऊ पडलं." आणि तुम्ही पाना पकडीत धरून स्प्रिंग बसवायला बाकावरच्या शेगड्याकडे वळलात, माझ्याकडे पाठ करून. शिकवताना पाठ करून उभं राहायचं, म्हणजे पोराला वाटतं भरवसा ठेवलाय. ठेवलेलाच होता.

मी चिमटा हातात धरून बसलोय. साय येते. मग कडेकडेने पिवळा सरकत येतो, खरंच पिकल्या केळीचा, तोच, काही शंका नाही. तुम्ही विचारता, "झालं का रे?" मी म्हणतो, "अजून नाही." भाऊ, पिवळा माझ्या समोर होता. मला पुढचा रंग बघायचा होता. लोखंडावर असं काही होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पिवळ्यातून तांबूस, तांबूसमधून तुमचं केळफूल, आणि त्याच्यामागून असा निळा आला की मी श्वास घ्यायचा विसरलो. शब्द शोधत होतो त्या निळ्याला. सापडेपर्यंत निळाही विटला, राखेचा रंग झाला. मग मी ते पाण्यात टाकलं. बाहेर काढलं तर मळकट राखी. तुम्ही वळायच्या आत मी घासकागद घेतला आणि घासून घासून ते आधीसारखं चकचकीत केलं.

"घासलं कशाले?" तुम्ही विचारलंत.

"काळपट दिसत होतं."

"केळीवर उचललं ना?"

"हो."

तुम्ही ते उजेडात धरलंत, उलटसुलट केलंत, आणि माझ्या पाठीवर तेलकट हात मारलात. म्हणालात, "अर्धा फिटर झाला तू."

दोन दिवस पाना छान बोलला. बारके नट सगळे झाले. तिसऱ्या दिवशी इंजिनच्या डोक्याचे मोठे नट, शेवटची आवळणी. आकडा मीच लावला. तुम्ही एक पाय इंजिनखालच्या दगडाला लावून सगळ्या अंगानिशी ओढलंत, आणि टक व्हायच्या ऐवजी आतून कुरकुर झाली. पाना सुटला. तुमचा हात इंजिनच्या लोखंडी खुंटावर आदळला. मनगट मोडलं. तेलवाल्याने तुम्हाला धरलं, मी नुसता उभा. तुम्ही ओरडला नाहीत. हाताला पंचा गुंडाळत असतानाच म्हणालात, पाना खोल.

मी खोलला. कुत्र्याचं नाक चेपलेलं होतं, शिशासारखं. तुटलेलं नव्हतं. तुटलं असतं तर दुसरी गोष्ट झाली असती. चेपलं म्हणजे मऊ राहिलं, आणि मऊ राहायची कारणं दोनच. एकतर माझा रंग पुढे गेला, नाहीतर तुमचं पाणी कच्चं, म्हणजे लाली पुरती आलेली नसताना तुम्ही ते बुडवलं. तुम्ही डाव्या हातात ते धरून किती वेळ बघत होतात. मग मला विचारलंत, रागाने नाही, खरंच माहीत करून घ्यायला: "तू केळीवरच उचललं ना?"

सगळे बघत होते. मी म्हणालो, "हो भाऊ. केळीवरच."

"मंग मीच चुकलो," तुम्ही म्हणालात. "लाली दिसली नाही मले."

तेलवाला म्हणाला, "वयच झालं आता, भाऊ." त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं.

हात संक्रांतीपर्यंत सांधला. भट्टीपुढे मात्र तुम्ही पुन्हा उभे राहिला नाहीत. माणसं छिन्न्या घेऊन यायची, तुम्ही त्यांना भुसावळच्या मिस्त्रीकडे पाठवायचात. डोळ्याच्या डॉक्टरांकडे दोनदा गेलात. दोन्ही वेळेला त्यांनी सांगितलं की नजर उत्तम आहे, वाचायला चष्मा लागेल तेवढा. तुम्ही मायला म्हणालात, त्याले अक्षरं समजतात, लाली नाही समजत. मी त्या वेळी घरातच होतो, आतल्या खोलीत. तुम्ही स्टोअरमध्ये बसायला लागलात, नट मोजून द्यायला. चिमणीच्या उजेडात हात डोळ्यांपुढे धरून बोटं बघत बसायचात. माय विचारायची काय बघता, तुम्ही म्हणायचात काही नाही. तुम्ही गेलात तोपर्यंत माझ्याकडे तीन वर्षं होती, भाऊ. तीन वर्षं, आणि एक वाक्य.

तुमच्यानंतर मी ते लिहायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, चार वेळा केला. एकदा गोष्ट शेवटाकडून सुरू केली, एकदा कुत्र्यालाच बोलतं केलं, एकदा विरामचिन्हं काढून टाकली. एक छापूनही आली, पुण्याच्या एका मासिकात, आणि तिथल्या लोकांनी त्यातल्या निळ्याचं कौतुक केलं. चारही वेळा त्यात फिटरची नजर गेलेली आहे. मुलगा शेजारी उभा आहे आणि त्याला फार वाईट वाटतंय.

तर माय. तीन आठवडे ती हलली नाही. शेजारच्या अक्कांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना मी घरी आणलं, त्यांनी सुईत दोरा ओवून दाखवला. माय म्हणाली, "तिनं नशीब चांगलं." मग परवा दुपारी मी ठरवलं. शिकवायचे तास आटोपून शाळेतून लवकर आलो. ती दाण्यातले खडे निवडत होती, बोटांनीच, नजर भिंतीकडे. मी समोर बसलो, म्हणालो, "माय, भाऊंच्या डोळ्यांचं तुला एक सांगायचंय." ती थांबली. सूप बाजूला ठेवलं. तुमचं नाव निघालं की ती अजून पदर सारखा करते.

"भाऊंना ज्याने तपासलं ना," मी म्हणालो, "तो डॉक्टर नवशिका होता. त्याला नीट तपासता येत नव्हतं. मला नंतर कळलं. हे धुळ्याचे तसे नाहीत."

ती "आसं शे का?" म्हणाली. "पयलेंगच सांगता." आधीच सांगायचं होतंस, असं. मग सूप ओढून घेतलं. ऑपरेशनला हो म्हणालीय. सोमवारी जायचंय.

त्या डॉक्टरांचं नावही मला आठवत नाही. त्यांनी दोन्ही वेळेला बरोबर सांगितलं होतं. मी पुन्हा तेच केलं, भाऊ, आणि या वेळेला रंगाबिंगाचं काही निमित्तही नव्हतं. तिला दिसायला लागलं की खरं सांगेन, असं आत्ता लिहिणार होतो. नाही सांगणार.