टोपीची कड

४ जानेवारी
वर्षाचा चौथाच दिवस, म्हणजे तसा उशीर नाही. आजपासून रोज लिहिणार.

एप्रिलमध्ये जंगल सफारी. पक्कं. मुलीनं बुकिंग करून टाकलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी हिला शब्द दिला होता की तुला मोकळ्या रानातला हत्ती दाखवीन. त्याला एकतीस वर्षं झाली. शब्द म्हणजे शब्द. ('ही' म्हणजे बायको. वही माझी, वाचणार मी, तरी नोंद स्पष्ट असावी. स्टोअरकीपरची सवय.)

कामाची वाटणी: बुकिंग मुलगी, बॅगा ही, टोप्या मी. उघडी जीप, ऊन, वारा, धूळ आणि फोटो. टोपी कामाची हवी आणि रुबाबदारही हवी. लोकांना यातलं एकच काहीतरी जमतं. मी दोन्ही साधणार.

ही म्हणाली, टोपी राहू द्या, आधी डोळे दाखवून या. का, तर सकाळी माझ्या हातून चहाचा कप पडला. कप डाव्या हाताला, पार कडेला ठेवला होता. तिथं कप ठेवतात का कोणी?

५ जानेवारी
डोळ्यांविषयी एकदाच लिहून विषय संपवतो.

वडिलांना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडून जायला लागते. दुखत नाही, खुपत नाही. माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि गेलेलं परत येत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. त्यामुळे मला झाला असता तर कळलंच असतं.

शिवाय मी आईवर गेलोय. गोदामात मला सगळे 'दुर्बीण' म्हणतात. दारात उभा राहून कोणत्या रॅकवरचं कोणतं बेअरिंग कमी आहे ते सांगायचो. सांगतो. विषय संपला.

११ जानेवारी
मध्ये पाच दिवस लिहिलं नाही. कामं होती.

टोप्यांचं दुकान. टोपीवाला म्हातारा आहे, बोलतो कमी, डोक्याला टेप लावून गप्प उभा राहतो. मी त्याला माझे निकष सांगितले: रंग मातकट, कापड हवा खेळणारं, हनुवटीखाली दोरी, मान झाकली पाहिजे, बाजूनं पाहिलं तर शिकारी वाटावा आणि समोरून पाहिलं तर प्राध्यापक. त्यानं निमूटपणे एक काढून दिली. चार बोटं रुंद कड. आरशात स्वतःला बराच वेळ पाहिलं. ऐटदार!

ही म्हणाली, छत्री डोक्यावर अडकल्यासारखं दिसतंय.

सवय व्हावी म्हणून आजपासून रोज घालणार. घरातसुद्धा.

१४ जानेवारी
गोदामाच्या वाटेवर सायकलवाल्याला धडकलो. तो म्हणाला, डोळे आहेत का बटणं? मी म्हटलं, घंटी वाजवायला काय होतं? घंटी वाजवत होता म्हणे.

कारण लगेच सापडलं. टोपीची कड. दोन्ही बाजूंनी आडवी येते. विशेषतः डावीकडून. इतकी रुंद कड देणं हाच मुळात गुन्हा आहे. उद्या टोपीवाल्याला धारेवर धरणार.

१५ जानेवारी
धरलं. त्यानं ऐकून घेतलं. टोपी माझ्या डोक्यावरच सारखी केली आणि म्हणाला, कड डोळ्यांच्या वर आहे, बाजूला येतच नाही. मग माझ्या कानाशी मूठ नेऊन म्हणाला, बोट वर करतो, दिसलं की सांगा. मी अंदाजानं हो म्हटलं. तो म्हणाला, अजून बोट वर केलेलं नाही.

म्हाताऱ्या माणसांना थट्टा सुचते. दोन बोटं कडेची टोपी बदलून घेतली.

३ फेब्रुवारी
दुसरी टोपीही तशीच. दुपारी गोदामात फोर्कलिफ्टवाल्यानं करकचून ब्रेक मारला. डावीकडून येत होता, भोंगा वाजवत. मला भोंगा ऐकू आला, पण दिसेना कुठे आहे ते. उतरून खाली आला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, दुर्बीण, काच पुसली नाही का आज? सगळे हसले. मीही हसलो.

तो हसत नव्हता. नंतर एकट्याला गाठून म्हणाला, माझ्या चाकाखाली येऊ नका हो, मला मुलं आहेत. मी टोपीकडे बोट दाखवलं. त्यानं टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी
हिनं डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला होता. जाता आलं नाही. गोदामात मोजणी होती.

(मोजणी पुढच्या महिन्यात आहे. पण तयारी आतापासून करावी लागते.)

१६ फेब्रुवारी
कात्रीनं टोपीची डावी कड कापली. मग एका बाजूनं उंदरानं खाल्ल्यासारखी दिसायला लागली, म्हणून उजवीही कापली. आता ती टोपी राहिली नाही, वाटी झाली.

फरक पडला का? पडला. थोडा. पडेल.

ही म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मी म्हटलं, मी नाचत नाहीये, तेव्हा ती म्हण लागू नाही. यावर ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, अहो, एकदा टोपी काढून बघा ना. दिवसाउजेडी, खिडकीत उभं राहून. फक्त एकदा.

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, म्हणजे काय? मलाही नक्की सांगता आलं नाही.

हल्ली दिवा घालवला की मगच टोपी काढतो. तसं काही कारण नाही. शिस्त.

२१ फेब्रुवारी
हिनं स्वतःची टोपी घेतली. दुकानात गेली, पांढरी सुती उचलली, डोक्यावर ठेवली, हीच द्या म्हणाली. सगळं मिळून दोन मिनिटं. निकष नाहीत, अभ्यास नाही. मी तिला समजावलं की पांढरा रंग रानात उठून दिसतो. ती म्हणाली, दिसू दे, तुम्हाला सापडायला बरी.

८ मार्च
मुलीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, बाबा, मीही डोळे तपासून घेऊ का? आजोबांना होतं, असं घराण्यात उतरतं म्हणतात. वाचताना कधी कधी बाजूचं काही दिसत नाही.

मी म्हटलं, अजिबात गरज नाही. काँप्युटरपुढे बसून होतं तसं. आपलं घराणं त्यातलं नाही. माझ्याकडे बघ की, अजून दुर्बीण म्हणतात मला.

ती बरं म्हणाली. पोर समंजस आहे.

फोन ठेवल्यावर जेवणात मन लागेना. काही कारण नाही.

९ मार्च
वडिलांची आठवण आली. शेवटी शेवटी ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. कुणी खोलीत आलं की आवाजाच्या दिशेनं तोंड करून हसायचे. पण माणूस तोवर पुढं गेलेला असायचा, मग ते भिंतीकडे बघून हसत राहायचे. आम्ही भावंडं चेष्टा करायचो. मी जास्त. एकदा मी मुद्दाम जागा बदलत बोलत राहिलो आणि ते सगळीकडे मान वळवत राहिले. मग म्हणाले, दमलो रे बाबा, आता एका जागी थांब.

बारा वर्षांचा होतो मी तेव्हा. अजून लाज वाटते.

२८ मार्च
मोजणी झाली. साहेबांनी बोलावलं. तीन नंबरच्या रॅकवरचे अठ्ठेचाळीस पंप मी नाहीत म्हणून लिहिले होते. पंप तिथंच होते, डाव्या टोकाला. साहेब चांगले आहेत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, थोडे दिवस टेबलाचं काम करा.

टेबलाचं काम मानाचं असतं. पंखा आहे.

२ एप्रिल
दवाखान्याचा नंबर पुन्हा चुकला. सफारीच्या तयारीत हे सगळं कुठे बसवायचं? हिला शब्द दिला: परत आलो की दुसऱ्या दिवशी. शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, हत्तीचा शब्द पाळायला एकतीस वर्षं लागली तुम्हाला.

संध्याकाळी तिसरी टोपी घेतली. कड फक्त पुढे, बाजूला काहीच नाही. आता तक्रारीला जागा नाही. टोपीवाल्यानं यावेळी टेप लावली नाही. टोपी देताना माझा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला. दुकानदारीत इतका गळेपडूपणा बरा नाही.

१८ एप्रिल, जंगलातलं विश्रामगृह
पोचलो. तिन्ही टोप्या सोबत. दुपारची फेरी झाली.

पाहिलेले प्राणी: हरणं (लांबून, ठिपके), एक मोर (आवाज). जीपवाला सारखा डावीकडे, डावीकडे म्हणत होता. चांगला जीपवाला असता तर उजवीकडचेही दाखवले असते.

तिसऱ्या टोपीलाही बाजूला कड आहे. कशी काय, कळत नाही. हातानं चाचपलं. हाताला लागत नाही.

१९ एप्रिल, सकाळी ११
क्रमानं लिहितो.

साडेसहाला जीप एका वळणावर थांबली. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांनी श्वास रोखला. मी खरी दुर्बीण डोळ्यांना लावून समोर बघत होतो. समोर झाडं. मी म्हटलं, कुठं काय आहे? डावीकडून कडकड फांदी मोडल्याचा आवाज आला, अगदी जवळून. वास आला. हिनं माझा दंड घट्ट धरला.

मग ती माझ्या कानात म्हणाली, अहो, टोपी काढा आता.

काढली. मांडीवर ठेवली. वारा डोक्याला लागला.

कड तिथंच होती.

डोक्यावर काही नाही आणि दोन्ही बाजूंनी कड. डावी तर नाकापर्यंत आलेली. टोपीची कधी नव्हतीच ती. हे मला आज कळलं असं लिहिणार होतो, पण वही माझी, वाचणार मी.

हिनं माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि हळूहळू डावीकडे वळवला. थोडा. अजून थोडा. मान दुखायला लागली तेव्हा एक कान आला. मग सुरकुत्या. मग डोळा, ओला. मग सुळ्याचं टोक, आणि तोवर कान गेला होता. दहा पावलांवर होता म्हणे, सगळा. मी तुकड्यातुकड्यानं पाहिला. गोष्टीतल्या त्या आंधळ्यांना निदान हात तरी लावायला मिळाला होता.

मी हिला हत्ती दाखवणार होतो. तिनंच मला दाखवला, आणि त्या नादात तिनं स्वतः एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघत होती.

मला भीती वाटते आहे. जानेवारीपासून वाटते आहे. लिहून टाकलं.

२४ एप्रिल
डोळ्यांचा दवाखाना. एका वाडग्यासारख्या मशिनमध्ये तोंड घालून बसायचं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून तयार बसलो. मशीन चालू करायला या लोकांना फार वेळ लागतो. शेवटी मी म्हटलं, करा की सुरू. तपासणारी मुलगी म्हणाली, काका, चार मिनिटं झाली सुरू होऊन.

डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. मधे पांढरं भोक, बाकी काळं. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपू. हे मला पाठ होतंच. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, जानेवारी. मग म्हटलं, त्याच्या आधीपासून.

२५ एप्रिल
सकाळी उठल्या उठल्या मुलीला फोन केला. म्हटलं, मार्चमध्ये मी तुला चुकीचं सांगितलं. सगळं सोड, आजच्या आज डोळे तपासून घे.

ती मग म्हणाली, बाबा, मी त्याच आठवड्यात तपासले. सुरुवात आहे. थेंब चालू केलेत. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलीस, नजर राहील. तुम्हाला सांगू नको असं मीच आईला बजावलं. म्हटलं, बाबांना आधी हत्ती पाहून येऊ दे.

मुलीनं माझं ऐकलं नाही म्हणून वाचली. माझ्या उभ्या आयुष्यात माझं न ऐकल्याचा मला असा आनंद कधी झाला नव्हता. फोन ठेवून रडलो. हीही रडली. म्हणाली, मी सांगायला हवं होतं हो तुम्हाला, तेव्हाच दवाखान्यात गेला असतात. मी म्हटलं, सांगितलं असतंस तर मी आणखी एक टोपी घेतली असती.

थेंब सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ही घालते. मी मान वर करून बसलो. ती उजवीकडून आली की डावीकडून, समजलं नाही. म्हटलं, जरा एका जागी थांब. ती थांबली.